समुद्रकाठचा तत्त्वज्ञ : ॲरिस्टॉटल



ॲरिस्टॉटल हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेले असते. सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो, प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल आणि ॲरिस्टॉटलचा शिष्य अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, अशी ती साखळी आपण पाठ केलेली असते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या मुलांना तर हा माणूस दोन-तीन वर्षे रोज भेटतो. तर्कशास्त्र त्याचे, नीतिशास्त्र त्याचे, प्रत्येक गोष्टीमागची चार कारणेही त्याचीच. त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो दाढीवाला, गंभीर, ग्रंथात बुडालेला एक पंडित.

पण याच पंडिताने आयुष्यातील सुमारे दोन वर्षे ग्रीसमधील लेस्बॉस नावाच्या बेटावर काढली. तेथील एका उथळ आखाताच्या काठी तो मासे, शिंपले, माकूल आणि खेकडे यांचा अभ्यास करत होता. पाठ्यपुस्तकात या दोन वर्षांना एखादी ओळ मिळते, बऱ्याचदा तीही मिळत नाही. तरीही हा माणूस नीट समजून घ्यायचा असेल, त्याचे मोठेपण आणि त्याच्या चुका दोन्ही पाहायच्या असतील, तर त्या समुद्रकाठीच जावे लागते.

वैद्याचा मुलगा

ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पूर्व ३८४ मध्ये उत्तर ग्रीसमधील स्टॅगिरा या समुद्रकाठच्या लहान नगरात झाला. वडील निकोमाखस हे वैद्य होते. मॅसिडोनियाचा राजा अमिंटस याच्या दरबारी त्यांना मान होता. आई फायस्टिस ही युबिया बेटावरील खाल्किस गावची. दुर्दैवाने आईवडिलांचे छत्र लवकरच हरपले आणि प्रोक्सेनस नावाच्या पालकाने मुलाला वाढवले.

त्या काळी वैद्यकी बापाकडून मुलाकडे जात असे. रोग्याला समोर बसवून नीट पाहिल्याशिवाय वैद्याला काही ठरवता येत नाही. घरातील हा संस्कार मुलाच्या मनात कुठेतरी मुरला असावा.

वयाच्या सतराव्या वर्षी, इ.स.पूर्व ३६७ मध्ये, तो अथेन्सला आला आणि प्लेटोच्या अकादमीत दाखल झाला. तेथे तो वीस वर्षे राहिला. आधी विद्यार्थी म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून. प्लेटोची शिकवण अशी होती की, डोळ्यांना दिसणारे हे जग सतत बदलत असते, म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. खरे ज्ञान हवे असेल तर बुद्धीने त्यापलीकडे जावे लागते. ॲरिस्टॉटलच्या मनात गुरूविषयी अपार आदर होता. पण त्याचा स्वतःचा ओढा समोर दिसणाऱ्या वस्तूंकडे होता. सत्य शोधायचे तर ते या झाडात, या प्राण्यात, या दगडातच शोधावे, असे त्याला वाटू लागले होते.

हातचे सगळे गेले

इ.स.पूर्व ३४८-३४७ च्या सुमारास प्लेटोचे निधन झाले. अकादमीचे प्रमुखपद प्लेटोचा भाचा स्प्युसिप्पस याच्याकडे गेले. त्याच सुमारास मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने उत्तरेकडील ग्रीक नगरे जिंकण्याचा सपाटा लावला होता. ऑलिन्थस पडले आणि स्टॅगिराही उद्ध्वस्त झाले. म्हणजे ॲरिस्टॉटलचे जन्मगाव मॅसिडोनियाने मोडले होते आणि अथेन्समध्ये लोक त्याच्याकडे मॅसिडोनियाशी संबंध असलेला परका म्हणून पाहत होते. गुरू गेले, पद मिळाले नाही, गाव राहिले नाही. वय होते सदतीस.

तो अथेन्स सोडून समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील अस्सोस येथे गेला. त्या भागाचा शासक हर्मियास हा त्याचा मित्र. हर्मियास एकेकाळी गुलाम होता, असे प्राचीन लेखक सांगतात. त्याने ॲरिस्टॉटलला आसरा दिला आणि आपली पुतणी किंवा मानलेली मुलगी पिथियास हिच्याशी त्याचे लग्न लावून दिले. अस्सोसला सुमारे तीन वर्षे काढल्यावर, इ.स.पूर्व ३४५ च्या सुमारास, ॲरिस्टॉटल समोरच दिसणाऱ्या लेस्बॉस बेटावर गेला.

त्याचा तरुण सहकारी थिओफ्रास्टस हा याच बेटावरील एरेसोस गावचा. पुढे या दोघांनी जणू सृष्टीची वाटणी करून घेतली. ॲरिस्टॉटलने प्राण्यांचा अभ्यास केला, तर थिओफ्रास्टसने वनस्पतींचा. आज थिओफ्रास्टसला वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात. दोघांच्या कामाची मुळे बरीचशी या एकाच बेटात आहेत.

लेस्बॉस बेट

लेस्बॉस हे ग्रीसमधील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. त्याचे क्षेत्रफळ सोळाशे चौरस किलोमीटरहून थोडे जास्त आहे. तुर्कस्तानचा किनारा येथून इतका जवळ आहे की, स्वच्छ दिवशी पलीकडचे डोंगर स्पष्ट दिसतात. बेटाचा पश्चिम भाग जुन्या ज्वालामुखींच्या राखेने बनलेला, कोरडा आणि उघडाबोडका आहे. त्या राखेखाली गाडली गेलेली झाडे दगड होऊन आजही उभी आहेत. पूर्वेकडे मात्र ऑलिव्हच्या बागा आणि हिरवे डोंगर आहेत.

या बेटाला इतिहासही मोठा आहे. इ.स.पूर्व ६०० च्या सुमारास सॅफो आणि अल्सियस हे कवी येथे होऊन गेले. इ.स.पूर्व ४२८ मध्ये बेटावरील मुख्य शहर मितिलिनीने अथेन्सविरुद्ध बंड केले. पुढच्या वर्षी ते मोडून काढल्यावर अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठरवले की, शहरातील सर्व पुरुषांना ठार करावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन जहाज निघालेही. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्या निर्णयाची लाज वाटली. सभा पुन्हा भरली, पुन्हा चर्चा झाली आणि थोड्याशा मताधिक्याने हुकूम बदलला. दुसरे जहाज पाठवण्यात आले. वल्हवणाऱ्यांनी वल्ही मारता मारताच खाल्ले, पाळीपाळीने झोप घेतली आणि पहिल्या जहाजातील हुकूम अमलात येण्याआधी ते कसेबसे पोहोचले. शहर वाचले. पुन्हा एकदा विचार केल्यामुळे हजारो जीव वाचल्याची ही गोष्ट आहे. ॲरिस्टॉटल बेटावर आला तेव्हा तिला ऐंशीएक वर्षे झाली होती.

बेटाच्या मधोमध समुद्र आत शिरून एक मोठे आखात तयार झाले आहे. आज त्याला कल्लोनीचे आखात म्हणतात. ॲरिस्टॉटलच्या काळी त्याच्या काठावर पिर्रा नावाचे नगर होते, म्हणून तो त्याचा उल्लेख पिर्राची खाडी असाच करतो. आखाताचे तोंड अरुंद, आतले पाणी शांत आणि उथळ. सरासरी खोली दहा मीटरच्या आसपास. चारी बाजूंच्या डोंगरांतून ओढे खाली येतात आणि गाळाबरोबर अन्नद्रव्येही आणतात. त्यामुळे तेथे शिंपले, कालवे आणि मासे यांची रेलचेल असते. किनाऱ्यावर वाकून पाहिले तरी तळ दिसावा, असे ते पाणी. निरीक्षण करणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा मिळणार कुठे?

ॲरिस्टॉटलच्या प्राणिशास्त्रावरील ग्रंथांत या आखाताचा आणि बेटाच्या आसपासच्या ठिकाणांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. त्यावरूनच स्कॉटिश अभ्यासक डार्सी थॉम्प्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे मत मांडले की, त्याचा समुद्री जीवांचा अभ्यास मुख्यतः बेटावरील वास्तव्यात झाला असावा. आज अनेक अभ्यासक हे मत मानतात.

त्याने काय पाहिले?

ॲरिस्टॉटलने आपल्या ग्रंथांत पाचशेच्या आसपास प्राण्यांच्या जातींची माहिती दिली आहे. अनेक प्राणी त्याने स्वतः चिरून पाहिले होते. शरीराच्या आतील भागांच्या आकृत्यांचा एक वेगळा ग्रंथही त्याने तयार केला होता. दुर्दैवाने तो नष्ट झाला.

माकूल आपली अंडी किनाऱ्याजवळ, शेवाळ आणि काटक्यांना चिकटवून घालते आणि ती काळ्या द्राक्षांच्या घोसासारखी दिसतात, हे त्याने लिहून ठेवले. ऑक्टोपस ज्या दगडांजवळ असेल त्यांसारखा आपला रंग बदलतो, हेही त्याने नोंदवले. मादी ऑक्टोपस आपल्या अंड्यांजवळ बसून राहते, त्या काळात काही खात नाही आणि त्यामुळे खंगत जाते. त्या मातेचे हे व्रत त्याच्या नजरेतून सुटले नाही.

काटेरी चेंडूसारखा दिसणारा सी-अर्चिन नावाचा एक समुद्री जीव आहे. त्याच्या तोंडात पाच दातांची एक अजब रचना असते. ॲरिस्टॉटलने तिचे वर्णन करताना कंदिलाची उपमा दिली. आजही जगभरचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी त्या रचनेला ॲरिस्टॉटलचा कंदील याच नावाने ओळखतात.

डॉल्फिन पाण्यात राहतो, पण तो फुफ्फुसाने श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो आणि दूध पाजतो. म्हणून तो इतर माशांसारखा नाही, हे त्याने ठामपणे सांगितले. मुशीच्या एका जातीत पिल्लू आईच्या पोटात नाळेने जोडलेले असते, असे त्याने लिहिले. मासा आणि नाळ? पुढे दोन हजार वर्षे यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. शेवटी योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले आणि ॲरिस्टॉटलचे म्हणणे खरे असल्याचे दाखवून दिले.

ग्रीसमधील नदीत राहणाऱ्या एका माशाविषयी त्याने लिहिले की, त्याचा नर चाळीस-पन्नास दिवस अंड्यांजवळ पहारा देतो. हीसुद्धा दंतकथाच समजली गेली. एकोणिसाव्या शतकात तो मासा सापडला, गोष्ट खरी निघाली आणि त्या माशाला ॲरिस्टॉटलचेच नाव देण्यात आले. तो मासा आपल्या शिंगाळ्याच्या दूरच्या नात्यातला. आपल्याकडच्या शिंगाळ्याचा नर तर अंडी स्वतःच्या तोंडात सांभाळतो.

कोळ्यांचा विद्यार्थी

ही सगळी माहिती एकट्या माणसाला मिळणे शक्य नव्हते. ॲरिस्टॉटल कोळ्यांना विचारत असे, त्याचबरोबर मधपाळांना, मेंढपाळांना आणि शिकाऱ्यांनाही. ग्रीक समाजात हाताने काम करणाऱ्याला सुशिक्षित मंडळी कमी लेखत. अकादमीत वीस वर्षे काढलेल्या पंडिताने जाळी ओढणाऱ्यांकडून शिकावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

डॉल्फिन किती वर्षे जगतो हे त्याला कसे समजले? कोळी कधी कधी पकडलेल्या डॉल्फिनच्या शेपटीला खाच पाडून त्याला सोडून देत. पुढे तोच डॉल्फिन पुन्हा सापडला की, मधे किती वर्षे गेली ते कळे. त्यावरून काही डॉल्फिन पंचवीस, तर काही तीस वर्षे जगतात, असे त्याने लिहिले. आजचे शास्त्रज्ञ माशांना आणि पक्ष्यांना खुणेचे बिल्ले लावून सोडतात, त्याचीच ही जुनी रीत म्हणता येईल.

पण ऐकलेले सगळेच त्याने खरे मानले नाही. माशाची मादी नराचे बीज गिळते आणि त्यातून तिला गर्भ राहतो, असे काही कोळी सांगत. ॲरिस्टॉटलने शरीराची रचना तपासून दाखवले की, तोंडातून गिळलेले पोटात जाते, गर्भाशयात जात नाही. कोळ्यांचा गैरसमज का झाला तेही त्याने सांगितले. पोटासाठी मासे पकडणाऱ्याला केवळ जाणून घेण्यासाठी तासन्तास पाहत बसायला सवड नसते. यात त्याने कोणाची टर उडवली नाही. माणसाचा मान राखायचा आणि माहिती मात्र तपासून घ्यायची, ही त्याची पद्धत होती.

शिंपले नाहीसे होतात तेव्हा

ॲरिस्टॉटल एकेक प्राणी सुटा पाहत नव्हता. संपूर्ण आखाताचा वर्षभराचा क्रम तो पाहत होता. हिवाळा आला की पिर्राच्या आखातातील मासे बाहेरच्या समुद्रात जातात. गोबी नावाचा लहान मासा, आपल्या निवट्याचा नातलग, तेवढा मागे राहतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मासे परत येतात. याचे कारणही त्याने दिले: हिवाळ्यात आखाताचे पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा जास्त थंड होते. उथळ पाणी लवकर गार होते, हे आपणही अनुभवाने जाणतो. आखातात कोणते जीव आढळत नाहीत, याचीही यादी त्याने केली. त्यात ऑक्टोपसचे नाव आहे. नसलेल्या गोष्टीची नोंद करायला तर अधिक बारकाईने पाहावे लागते.

खियॉस बेटावरील काही लोकांनी पिर्राजवळची जिवंत कालवे नेऊन आपल्याकडच्या समुद्रात सोडल्याची हकीकतही त्याने दिली आहे. ती कालवे आकाराने पुष्कळ वाढली, पण त्यांची संख्या वाढली नाही.

या सर्वांत मन थांबते ते एका लहानशा नोंदीपाशी. पिर्राच्या आखातातील स्कॅलप नावाचे मोठे शिंपले एकदा पार नाहीसे झाले होते. ॲरिस्टॉटल त्याची दोन कारणे देतो. एक म्हणजे दीर्घकाळ पडलेला दुष्काळ. दुसरे म्हणजे शिंपले काढण्यासाठी समुद्राचा तळ खरवडणारे अवजार. सुमारे २,३५० वर्षांपूर्वी, यंत्राच्या बोटी आणि नायलॉनची जाळी नसतानाही, माणसाने एका आखाताचा तळ खरवडून एक जीव संपवत आणला होता, आणि एका माणसाने ते पाहून लिहून ठेवले होते. निसर्गाचा फटका आणि माणसाची हाव एकत्र आली की काय होते, हे या दोन कारणांत आले. आपल्या किनाऱ्यावरील वयस्क कोळी बांधवांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

क्षुद्र काहीच नाही

किडे, शिंपले, माशांची आतडी असल्या गोष्टींत तत्त्वज्ञाने वेळ का घालवावा, असा प्रश्न त्या काळीही विचारला जाई. ॲरिस्टॉटलने आपल्या एका ग्रंथात त्याचे उत्तर दिले आहे. त्यासाठी तो हेराक्लिटस या जुन्या विचारवंताची गोष्ट सांगतो. काही पाहुणे हेराक्लिटसला भेटायला आले. तो स्वयंपाकघरात चुलीजवळ शेकत बसलेला दिसला, म्हणून ते दारातच घुटमळले. तेव्हा त्याने त्यांना निःसंकोच आत यायला सांगितले, कारण देवांचे वास्तव्य तेथेही होते. ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे की, प्रत्येक जिवाकडे आपण असेच न संकोचता जावे. दिसायला ओंगळ असलेल्या प्राण्यातही काहीतरी सुंदर योजना असते. ताऱ्यांचे ज्ञान थोर खरे, पण तारे दूर आहेत. हे जीव आपल्या शेजारी राहतात, त्यांना आपण नीट ओळखू शकतो.

जेथे पाहिले नाही तेथे

ॲरिस्टॉटलच्या हातून चुकाही झाल्या. त्यातील काही प्रामाणिक होत्या. वाम माशाच्या पोटात त्याला कधीच अंडी सापडली नाहीत, म्हणून वाम चिखलातून आपोआप निपजतात असा निष्कर्ष त्याने काढला. युरोपातील वाम हजारो किलोमीटर दूर अटलांटिक महासागरात जाऊन प्रजनन करतात, हे विसाव्या शतकात उलगडले. किनाऱ्यावर बसून ते कोणाला कळणार? मधमाश्यांविषयी लिहिताना तर त्याने स्वतःच सांगून ठेवले की, माहिती अजून अपुरी आहे; पुढे ती मिळाली तर आपल्या तर्कापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेल्यावर विश्वास ठेवावा.

पण काही चुका वेगळ्या जातीच्या होत्या. स्त्रियांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात, असे त्याने लिहिले. दात मोजायला समुद्रात जावे लागत नव्हते. स्त्रीची बुद्धी पुरुषाच्या तोडीची नसते, असेही त्याने मांडले. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, हे त्याचे मत तर कुप्रसिद्ध आहे. ज्या मित्राने त्याला संकटात आसरा दिला, ज्याच्या घरची मुलगी त्याने पत्नी म्हणून आणली, तो हर्मियास स्वतः एकेकाळी गुलाम होता म्हणतात. उत्तर समोर बसले होते. समुद्रातील शिंपल्याकडे इतक्या लक्षपूर्वक पाहणारी नजर येथे मात्र समाजाच्या रूढीवर विसंबून राहिली.

अशा चुकीची किंमत दुसरेच कोणी मोजतात. अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांना गुलाम करणाऱ्यांनी सोळाव्या शतकात ॲरिस्टॉटलचा आधार घेतला. १५३७ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी जाहीर केले की, ते लोक खरीखुरी माणसे आहेत आणि त्यांचे स्वातंत्र्य कोणी हिरावून घेऊ नये. तरीही १५५०-५१ मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे सेपुल्वेदा या पंडिताने ॲरिस्टॉटलचे तेच मत पुढे केले. त्याला विरोध करायला उभे राहिले बिशप बार्तोलोमे द लास कासास. त्यांनी त्या लोकांमध्ये अनेक वर्षे काढली होती आणि त्यांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. एकाकडे ॲरिस्टॉटलचे पुस्तक होते, दुसऱ्याकडे ॲरिस्टॉटलची समुद्रकाठची पद्धत होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

अखेरची वर्षे

इ.स.पूर्व ३४३ च्या सुमारास राजा फिलिपचे बोलावणे आले आणि ॲरिस्टॉटल बेट सोडून मॅसिडोनियाला गेला. तेरा वर्षांच्या अलेक्झांडरला शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. फिलिपने स्टॅगिरा पुन्हा वसवले ते ॲरिस्टॉटलसाठी, असे प्राचीन चरित्रकार लिहितात. याच काळात इराणच्या सम्राटाने हर्मियासला कपटाने पकडून ठार केले. मित्राच्या स्मरणार्थ ॲरिस्टॉटलने एक स्तोत्र रचले.

इ.स.पूर्व ३३५ मध्ये तो अथेन्सला परतला आणि लायसियम येथे त्याने आपले विद्यालय सुरू केले. बारा वर्षे ते भरभराटीत चालले. पत्नी पिथियास मरण पावली होती. पुढे हर्पिलिस हिच्याबरोबर त्याने संसार केला. इ.स.पूर्व ३२३ मध्ये अलेक्झांडरचा मृत्यू झाला आणि अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्धचा राग उफाळून आला. हर्मियाससाठी रचलेल्या त्या स्तोत्राचे निमित्त करून ॲरिस्टॉटलवर अधर्माचा आरोप ठेवण्यात आला. सॉक्रेटिसला मारून अथेन्सने एकदा पाप केले आहे, तेच पाप त्याच्या हातून दुसऱ्यांदा घडू नये, असे सांगून तो निघून गेल्याची आख्यायिका आहे. तो आईच्या गावी, खाल्किसला गेला. तेथेच इ.स.पूर्व ३२२ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, पोटाच्या विकाराने त्याचे निधन झाले.

त्याचे मृत्युपत्र आज वाचायला मिळते. पिथियासच्या इच्छेप्रमाणे तिच्या अस्थी आपल्याबरोबर ठेवाव्यात, असे त्याने त्यात लिहिले. हर्पिलिसची सोय लावली. आणि घरातील गुलामांपैकी काहींना स्वातंत्र्य द्यावे, आपली सेवा करणाऱ्या मुलांपैकी कोणालाही विकू नये, ती मोठी झाली की योग्यतेप्रमाणे मुक्त करावीत, असेही बजावले. ग्रंथात जे जमले नाही ते घरातील चेहरे समोर आल्यावर थोडेफार जमले. रोज पाहिलेल्या माणसाला नाकारणे कठीण असते.

समुद्र आजही तेथेच आहे

सुमारे चारशे वर्षांनी संत पौल याच पाण्यातून गेले. ते पायी अस्सोसला आले, तेथे जहाजात चढले आणि मितिलिनीला पोहोचले, अशी नोंद प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. ॲरिस्टॉटलचे प्राणिशास्त्र अरबी अनुवादांच्या वाटेने १२२० च्या सुमारास लॅटिन भाषेत आले. संत आल्बर्ट यांनी त्यावर प्रचंड भाष्य लिहिले आणि स्वतः पाहिलेल्या प्राण्यांची भर घातली. त्यांचे शिष्य संत थॉमस अक्विनास यांनी ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान ख्रिस्ती विचारात सामावून घेतले. सेमिनरीत तो आजही शिकवला जातो तो या गुरुशिष्यांमुळे. पण त्यानंतरच्या अनेक पंडितांनी पुस्तक घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. ॲरिस्टॉटलने सांगितले म्हणून खरे, असे म्हणणे हाच ॲरिस्टॉटलचा सर्वांत मोठा पराभव होता.

पिर्रा नगर काळाच्या ओघात नष्ट झाले. आखात मात्र आहे. तेथील तारल्या प्रसिद्ध आहेत, मिठागरांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि युरोपीय संघाच्या संरक्षित निसर्गक्षेत्रांत त्याचा समावेश आहे. २०१५ साली युद्धातून पळालेले लाखो निर्वासित तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून लहान बोटींत बसून याच बेटावर उतरले. कित्येक वाटेतच बुडाले. बेटावरील अनेक कोळ्यांनी आपल्या होड्या घालून माणसे बाहेर काढली. १६ एप्रिल २०१६ रोजी पोप फ्रान्सिस तेथे गेले आणि परतताना बारा सीरियन निर्वासितांना आपल्याच विमानातून रोमला घेऊन आले. गाव गमावलेल्या एका परक्याला या बेटाने पूर्वीही जागा दिली होती.

बंधुभगिनींनो, ॲरिस्टॉटलचे ग्रंथ आपल्यापैकी फार थोडे जण वाचतील. पण त्याने पिर्राच्या काठावर जे केले ते आपल्या प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे. जो प्राणी, जो माणूस, जो शेजारी आपल्याला आधीच माहीत आहे असे आपण गृहीत धरतो, त्याच्याकडे एकदा थांबून पाहायचे. ज्याच्याकडून शिकण्यासारखे काही नाही असे वाटते त्याला विचारायचे. आणि आपले मत व समोरचे सत्य जुळले नाही, तर मत बदलायचे. शिंपल्यापुढे तो हे करू शकला. माणसांपुढे त्याला ते पूर्णपणे जमले नाही. ते उरलेले काम आपले आहे.